खुर्ची शब्बीरभाईंची, पिंप माझं

याकोबकाकांच्या घरात याकोबकाकांच्या मालकीचं काहीही नव्हतं. गरिबी होती म्हणून नव्हे. एसटीतून निवृत्त झालेला माणूस, एकटा जीव, घरात हवं ते सगळं होतं. पलंग होता, हाताची लाकडी खुर्ची होती, टेबल पंखा होता, मोरीत निळं प्लास्टिकचं पिंप होतं. पण पलंग समोरच्या कांबळेताईंचा होता, खुर्ची कोपऱ्यातल्या खोलीतल्या शब्बीरभाईंची, आणि पिंप माझं. हे सगळं काकांनी स्वतःच्या पगारातून घेतलं होतं आणि मग एकेक करून आम्हाला देऊन टाकलं होतं. देऊन टाकलं म्हणजे घेऊन जा असं नाही. वस्तू जागच्या जागी. फक्त मालक बदलला, आणि काका आमच्या वस्तू आम्हाला विचारून वापरू लागले.

ह्या प्रकाराची मला आधी गंमत वाटली, मग वैताग आला, आणि मग सवय झाली. चाळीत बहुतेक गोष्टींचं असंच होतं.

मी मूळचा राहनाळचा. आजोबांची तिथे भातशेती होती. आता तिथे गोदामं आहेत. त्यातल्याच एका गोदामात मी सुपरवायझर आहे, म्हणजे आजोबांच्या जमिनीवर दुसऱ्याचा पगार घेऊन उभा असतो. जमीन कोणाची यावर दोन चुलते, माझा सख्खा भाऊ आणि मी असा खटला चालू आहे, आणि तो आमच्यापेक्षा जास्त जगेल असा आमच्या वकिलांचा अंदाज आहे. त्या भांडणात घर सोडून मी बायकोला घेऊन नारपोलीत, कापडाच्या लूमच्या कारखान्यांमागच्या एका चाळीत भाड्याने राहायला आलो. सांगायचं कारण, वारसा ह्या विषयावर मला कोणी काही शिकवावं अशी माझी परिस्थिती नव्हती. वारसा म्हणजे तारीख, असं माझं मत होतं. अजूनही बरंचसं तेच आहे.

आलो त्या दिवशी शेजारच्या दारावर पत्र्याची पाटी दिसली: रूबेन दाविद शिरसाठ. दारात एक उंच, सुकलेला म्हातारा उभा होता. मी हात जोडून म्हटलं, "नमस्कार रूबेनकाका."

"रूबेन माझा मोठा भाऊ," तो म्हणाला. "मनमाडला असतो. घर त्याचं आहे. मी राहतो."

"कधीपासून?"

"जन्मल्यापासून."

नंतर कळलं की खोली कागदोपत्री याकोबकाकांच्याच नावावर होती, आणि पाटी त्यांनीच रंगवून घेऊन त्यांनीच ठोकली होती. पोस्टमन नवा आला की गोंधळायचा. वीजबिल याकोबचं, पाटी रूबेनची. काका त्याला शांतपणे समजावून सांगायचे आणि तो आणखी गोंधळून जायचा.

एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. केबिनमध्ये बसून माइकवरून गाड्या पुकारायचे. नोकरी सुटली तरी पुकारणं सुटलं नाही. कुठलीही गोष्ट ते दोनदा सांगत आणि दोन्ही वेळा सारख्याच आवाजात सांगत. "चहा झालेला आहे. चहा झालेला आहे." लूमच्या खडखडाटात आम्ही सगळेच ओरडून बोलतो, पण काकांना ओरडावं लागत नसे. त्यांचा आवाज त्या खडखडाटाच्या खालून सरपटत यायचा आणि बरोबर कानात शिरायचा. त्यांची बायको मेरीकाकू गेल्या तेव्हाही, कांबळेताई सांगतात, ते गॅलरीत आले आणि त्याच आवाजात म्हणाले, "मेरी गेली. मेरी गेली." मग आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. त्यांना मूलबाळ नव्हतं.

वाटपाला सुरुवात झाली ती काकूंच्या माघारी.

माझ्या वाट्याला पिंप कसं आलं ते सांगतो. एका सकाळी काका माझ्या दारात आले. म्हणाले, "तुमच्याशी वारशाबद्दल बोलायचंय." मला वाटलं, माझ्या खटल्याबद्दल कोणीतरी यांचे कान भरले. मी छाती पुढे काढून बसलो.

"मोरीतलं पिंप मी तुमच्या नावे केलं," ते म्हणाले. "आजपासून ते तुमचं. तुम्ही त्याचे वारस."

मी म्हटलं, "काका, मला पिंप आहे."

"असू दे. वारसा गरज बघून मिळत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पाणी कधी येतं ते तुम्हाला माहीत आहेच."

हे नीट समजायला मला आठवडा लागला. पिंप माझं म्हटल्यावर ते रिकामं राहिलं तर माझी अब्रू जाणार. पाणी आलं की मी माझ्या घरचं पिंप अर्धंमुर्धं भरायचो आणि मग नळी खांद्यावर टाकून काकांच्या मोरीतलं, म्हणजे तेही माझंच, पिंप भरायला जायचो. भरेपर्यंत दोन गोष्टी व्हायच्या, चहा व्हायचा. माझी बायको एकदा म्हणाली, "आपल्या घरात घोटभर पानी न्हाय नि तुमी तिकडं काय सांडताव?" मी म्हटलं, ते पिंप आपलंच हाय.

खुर्चीचंही तसंच. शब्बीरभाई आजमगढकडचे. लूम बिघडला की दुरुस्त करणारे जॉबर. शिफ्ट संपवून येताना केसांत कापसाचा भुसा घेऊन यायचे. एकदा काकांना सलाम करायला म्हणून आत आले, खुर्चीवर टेकले आणि बसल्या बसल्या झोपले. काकांनी त्यांना उठवलं नाही. जागे झाल्यावर सांगितलं, "शब्बीरभाई, ही खुर्ची आजपासून आपकी. ह्या खुर्चीवर मला कधी झोप आलेली नाही."

तेव्हापासून शब्बीरभाई चाळीत असले की काका बसण्याआधी हाक मारायचे, "शब्बीरभाई, बसू का?" आणि कोपऱ्यातून उत्तर यायचं, "बैठिए चाचा, बैठिए!" शब्बीरभाई मुलीच्या लग्नासाठी गावाला गेले तेव्हा मोठी पंचाईत झाली. शिफ्टला जाताना ते दिवसभराचं "बैठिए" सांगून जायचे, ह्या वेळी सांगायचं राहून गेलं. काका दोन दिवस जमिनीवर बसले. त्यांचे गुडघे जमिनीवर बसण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. शेवटी मी फोन लावून दिला. पलीकडे शहनाई वाजत होती.

"शब्बीरभाई, कुर्सीवर बसू का?"

"अरे चाचा, आप ही की तो कुर्सी है!"

"आपकी है, म्हणून तो पूछा."

मग शब्बीरभाई म्हणाले, "बैठिए चाचा. और मेरी बच्ची के लिए दुआ कीजिए." काका बसले, फोन कानालाच ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि आजमगढच्या त्या न पाहिलेल्या मुलीसाठी मराठीत प्रार्थना केली. माझा बॅलन्स संपेपर्यंत केली. पुढच्या वर्षी खुर्चीचा पाय निखळला तर शब्बीरभाईंनी कारखान्यातून पट्टी आणून, नटबोल्ट लावून असा बसवला की ती खुर्ची आता आम्हा सगळ्यांना पुरून उरेल.

पलंगाच्या मालकीणबाई कांबळेताई. एका दवाखान्यात सिस्टर, बोलायला फटकळ, हाताला हलक्या. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि कोणाचंही ऐकून न घेण्याचा पक्का निर्धार. काकांनी पलंग नावावर केल्याचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझाय ना? मग त्याच्यावर ही गोधडी चालणार न्हाई. वास मारते." गोधडी गेली. मग गादी उन्हात गेली. मग ढेकणांसाठी पलंगाच्या फटींत औषध गेलं. मेरीकाकू गेल्यापासून त्या पलंगाला कोणाचा हात लागला नव्हता. वारसदार मिळाल्यापासून आठवड्याला चादर बदलू लागली. "माझ्या पलंगावर मळकी चादर कोणी टाकली?" असं ताईंनी विचारलं की काका शाळेतल्या पोरासारखे उभे राहायचे.

ह्या सगळ्यामागे त्यांचं एक शास्त्र होतं. ते म्हणायचे, आमच्या धर्मात कोणी एकटा वारस नसतो, सगळे सहवारस. आणि बायबलात वारशाचं इतकं आहे की माणसाने नुसतं तेवढं वाचलं तरी आयुष्य पुरतं. पण लोक चूक एकच करतात. माणूस मेल्यावर वाटणी करतात. "मेल्यावर वाटणी झाली की भांडण. जिवंतपणी झाली की येणं-जाणं."

मी म्हटलं, आमच्यात जिवंतपणी झाली तरी भांडणच झालं.

"तुमच्यात वाटून घेतलं," ते म्हणाले. "वाटून दिलं कोणी?"

मी नळाकडे लक्ष दिलं.

त्यांच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब अधूनमधून कल्याणहून यायचे. तरुण, गोरेगोमटे, बोलायला अतिशय गोड. हे वाटपाचं प्रकरण त्यांच्या कानावर गेलं असावं. एकदा माझ्यासमोरच त्यांनी काकांना समजावलं की शिरसाठबंधू, आपलं खरं वतन स्वर्गात आहे, त्याला गंज लागत नाही, कसर लागत नाही, तेव्हा ह्या ऐहिक वस्तूंच्या मागे कशाला लागायचं?

"बरोबर आहे," काका म्हणाले. "तिथलं सगळं ठरलेलं आहे. तिथली मला काळजीच नाही. इथलं ठरवायचं राहिलं होतं."

पाळकसाहेब हसले. मग त्यांनी हलकेच विचारलं, की मंडळीसाठी काही ठेवलंय का?

"जुन्या करारात लेवींना, म्हणजे देवाची सेवा करणाऱ्या वंशाला, जमिनीत वाटा दिलेला नाही," काका म्हणाले. "देवच त्यांचा वाटा. त्याहून जास्त मी काय देणार? मी नियमाबाहेर गेलो नाही." आणि पाळकसाहेबांचा चेहरा पडलेला बघून म्हणाले, "टेबल पंखा तुमच्या नावे करतो. तो हल्ली आवाज करतोय." पाळकसाहेबांनी पुढच्या वेळी येताना पंख्याला घालायचं तेल आणलं. खोटं कशाला सांगू, नंतर ते आधीपेक्षा जास्त वेळा यायला लागले.

एवढ्या सगळ्या वस्तू वाटून झाल्या, खोली तेवढी राहिली. तिचं काय, हा प्रश्न चाळीत सगळ्यांना होता आणि विचारलं कोणीच नव्हतं. त्याचा उलगडा मसुरामुळे झाला.

कांबळेताईंनी एका रविवारी वाटीभर मसुराची आमटी आणून दिली. काकांनी वाटी घेतली, आभार मानले आणि उंबऱ्याबाहेर ठेवली.

"काय झालं? तिखट हाय का?"

"ह्या घरात मसूर येत नाही, ताई. मला आवडतो. पण घर रूबेनचं आहे, आणि त्याच्या घरात मी मसूर खाल्लेला बरा दिसणार नाही."

मग त्यांनी आम्हाला ती गोष्ट सांगितली. त्यांच्या शास्त्रात एक म्हातारा बाप होता, त्याला दोन मुलगे. थोरला रानातून भुकेला आला. धाकटा चुलीवर मसूर शिजवत होता. म्हणाला, ज्येष्ठपणाचा हक्क मला दे, वाढतो. थोरल्याने दिला. पुढे बाप आंधळा झाला, थोरल्याला आशीर्वाद द्यायचा म्हणून त्याने बोलावलं, तर धाकट्याने थोरल्याच्या केसाळ हातांसारखे लागावेत म्हणून हातांना करडाचं कातडं गुंडाळलं, थोरला म्हणून पुढे गेला आणि आशीर्वादही घेऊन आला. थोरला मागाहून आला आणि ओक्साबोक्शी रडला, की बाबा, तुमच्याकडे एकच आशीर्वाद होता का? मलाही द्या. त्या धाकट्याचं नाव याकोब.

मी म्हटलं, आमच्या चुलत्यांना कातड्याची गरज लागली नव्हती, त्यांनी नुसता अंगठा घेतला. पण काका हसले नाहीत. म्हणून मी पुढचं ऐकलं.

त्यांचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. रूबेन थोरला, तापट. घरी न सांगता लग्न केलं. वडील त्याच्याहून तापट. त्याला घराबाहेर काढलं आणि रागाच्या भरात खोली धाकट्याच्या नावावर करून टाकली. रूबेनने रेल्वेत नोकरी धरली, मनमाडला राहिला. पुढे वडील आजारी पडले, याकोबने तार केली. रूबेन पोचला तेव्हा दफन उरकून लोक हात धूत होते. कबरीपाशी तो धाकट्या भावाला एकच वाक्य बोलला, "नावाप्रमाणे वागलास." आणि तिथून परस्पर स्टेशनवर गेला.

"त्याला चाळीस वर्षं होत आली," काका म्हणाले. "मी दोनदा मनमाडला जाऊन आलो. पहिल्या वेळी वहिनींनी पाणी दिलं. दुसऱ्या वेळी त्याने पाणीही देऊ दिलं नाही. मला त्याचं त्याला परत करायचंय. ते राहिलं तर मला जाता येणार नाही."

कांबळेताईंनी उंबऱ्याबाहेरची वाटी उचलली आणि गेल्या. त्यांच्या घरातही त्यानंतर मसूर शिजल्याचा वास मला आला नाही.

गेल्या वर्षी काकांचे पाय सुजायला लागले. मग दम. हॉस्पिटलात राहून आले. हृदय थकलंय, घरी जपा, असं डॉक्टरांनी सांगून पाठवलं. काका पलंगावर, ताईंची परवानगी घेऊन, दिवसरात्र पडून राहू लागले. अधूनमधून पाटीकडे बघायचे. काही मागायचे नाहीत. त्यांचं ते गप्प पडून राहणं मला बघवत नव्हतं. मी पिंप भरायला जायचो आणि गरज नसताना दोनदा विसळायचो.

कांबळेताईंनी पाळकसाहेबांना कामाला लावलं. त्यांनी मनमाडच्या मंडळीतून रूबेन शिरसाठांचा नंबर मिळवला. फोन ताईंनीच केला. मी तिथेच होतो.

"मी कोण? मी पलंगाची मालकीण. माझ्या पलंगावर तुमचा भाऊ आजारी पडलाय. घरच्यांना कळवणं माझं काम हाय. यायचं का न्हाई ते तुमी बघा. पण नंतर येऊन कोणाला कायबाय बोलायचं न्हाई, आताच सांगून ठेवते."

आणि फोन ठेवला.

रूबेनकाका गुरुवारी आले. धामणकर नाक्यावरून रिक्षाने आले आणि गल्लीच्या तोंडाशी उतरून चालत आले. काकांसारखेच उंच, पण रुंद, हातात काठी, डोक्यावर एकही केस नाही. दारासमोर येऊन थांबले. पाटी वाचली. परत वाचली. गॅलरीत आम्ही सगळे होतो. त्यांनी आमच्याकडे असं बघितलं की आम्ही सगळ्यांनी एकदम दोरीवरचे कपडे वाळलेत का ते तपासलं.

आत गेले. काका पलंगावर उठून बसले. कोणी कोणाला मिठी मारली नाही. रूबेनकाका काठीवर रेलून उभे राहिले. खुर्ची शेजारीच होती.

"बस म्हणत नाहीस?" ते म्हणाले.

काकांचा चेहरा कावराबावरा झाला. "खुर्ची शब्बीरभाईंची आहे. विचारावं लागेल." मग माझ्याकडे बघून, "जरा जाऊन येता का? फोन ऐकू जायचा नाही त्यांना."

"माझ्यासाठी खुर्ची मागायला कारखान्यात माणूस पाठवतोस?" रूबेनकाकांचा आवाज चढला. मी पळालो. शब्बीरभाई लूमखाली पडून काहीतरी आवळत होते. बातमी ऐकून पाना हातात घेऊनच धावत आले, स्वतःच्या खांद्यावरच्या गमछाने खुर्ची पुसली आणि म्हणाले, "बैठिए बड़े चाचा. पूछना क्या, आज से आप भी पूछे बिना बैठिए." रूबेनकाका बसले. पण काकांना ही सवलत पसंत पडली नसावी.

मग सुरू झालं ते आमच्या चाळीने कधी ऐकलं नव्हतं.

"हे घर तुझं," काका म्हणाले. "पाटी बघितलीस. कागद करून देतो."

"मला नको."

"तुझंच आहे."

"मनमाडला तीन खोल्यांत एकटा फिरतो मी. तुझी खोली घेऊन काय तिच्यात क्रिकेट खेळू?"

"माझी नाही, तुझी."

"बाबांनी तुला दिली. कायद्याने तुझी."

"रागात दिली. राग धरायचा नसतो."

"मला अक्कल शिकवू नकोस याकोब! नको म्हणजे नको!"

दोघांनाही दम लागला. गॅलरी भरली होती. मी राहनाळला घर बळकावण्यावरून डोकी फुटताना बघितली आहेत, त्यातलं एक माझं होतं. इथे घर नाकारण्यावरून तीच वेळ आली होती. शेवटी कांबळेताई दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पेशंटला त्रास होतोय, घर कुठं पळून जात न्हाई, आता जेवा. दोघे जेवले. एकमेकांशी बोलले नाहीत. रूबेनकाका खाली चटईवर झोपले आणि उद्या दुपारी निघतो म्हणाले.

शुक्रवारी दुपारी जे झालं ते सांगतो, कारण काकांना मी नीट पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. शनिवारी मी ड्युटीवर असताना ते गेले.

शुक्रवारी लूम बंद असतात. नारपोलीत त्या दिवशी इतकी शांतता असते की भिंतीपलीकडची बांगडीसुद्धा ऐकू येते. पाणी आलं म्हणून मी नळी घेऊन काकांच्या मोरीत होतो. मोरीला छातीएवढी भिंत. रूबेनकाकांनी पिशवी दाराशी ठेवली होती. मी आहे हे दोघेही विसरले असावेत. मी भिंतीच्या कठड्यासारखाच झालो होतो त्या घरात.

"निघतो," रूबेनकाका म्हणाले.

"बाबांचं एक सांगायचंय."

"खोलीचं परत काढू नकोस."

"खोलीचं नाही. बाबा गेले त्या सकाळचं."

मी नळी बंद केली. खाकरून बाहेर जावं असं मनात आलं. पण गेलो नाही.

"काचबिंदूने त्यांची नजर गेलेली होती," काका म्हणाले. "मी पाणी घेऊन जवळ गेलो. त्यांनी विचारलं, आलास का रूबेन? मी सांगणार होतो की मी याकोब. पण ते हसले. तू गेल्यापासून हसले नव्हते. मी गप्प बसलो."

रूबेनकाका परत खुर्चीवर टेकले.

"म्हणाले, जवळ ये. मी गुडघे टेकले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. तुझ्या नावाने केली. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत तुझी होती, आणि डोकं माझं होतं. दुपारी ते गेले. संध्याकाळी तू आलास आणि म्हणालास, नावाप्रमाणे वागलास. तुला माहीत नव्हतं, पण तू खरं तेच बोललास. मग मला तोंड उघडता आलं नाही. मनमाडला दोनदा आलो ते हेच सांगायला. खोलीचं बोललो कारण खोलीचं बोलणं सोपं होतं."

मला वाटलं, आता हा माणूस पिशवी उचलणार. मी असतो तर उचलली असती. रूबेनकाका काठीच्या मुठीकडे बघत बसले होते.

"त्यांना कळलं का?" त्यांनी विचारलं. "तू होतास ते?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"म्हणजे त्यांच्या दृष्टीने मी आलो होतो."

"आला होतास," काका म्हणाले. "बरं केलंस आलास, असं म्हणाले ते. दोनदा म्हणाले."

रूबेनकाका खुर्चीतून उठले. काठी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. पलंगाची कड धरून ते एवढं जड शरीर घेऊन हळूहळू गुडघ्यांवर बसले. धाकट्या भावाचा हात त्यांनी उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"काय म्हणाले ते सांग," ते म्हणाले. "एक शब्द गाळू नकोस."

डोळे मिटून, दम घेत घेत काका म्हणाले, "देवा, हा माझा थोरला. तापट आहे, माझ्यावर गेलाय. मी ह्याला घराबाहेर काढलं, तू काढू नकोस. ह्याच्या बायकोला मी सून म्हटलं नाही, ते तू म्हण. ह्याच्या घरात भाकरी असू दे. हा आला, आता मला काही नको. आमेन."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी ते पुसलंही नाही, कारण हात हलवला तर त्यांना कळेल अशी भीती वाटली.

रूबेनकाका उठले नाहीत. त्यांची पाठ हलत होती. भावाच्या हातावर स्वतःचा हात घट्ट दाबून ते म्हणाले, "परत सांग."

काकांनी श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.